खाऱ्या हवेत ग्रॅफाइट: कुठे घालायचं, कुठे नाही

पावसाळा लागला की किनाऱ्यावरच्या घरांत कुलपं अडायला लागतात, कपाटाचे खण फुगतात, फाटकाच्या बिजागऱ्या कुरकुरतात. पहिला हात जातो खोबरेलाच्या बाटलीकडे. मग कुणीतरी सांगतं, तेल नको, पेन्सिलीचं शिसं घाल, ग्रॅफाइट घाल. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे. माजघरातल्या कपाटाचं कुलूप ग्रॅफाइटने वर्षभर सुरळीत फिरेल. तीच पावडर समुद्राकडच्या फाटकाच्या कुलपात घातलीत तर आतली स्प्रिंग लवकर गंजेल, ती ग्रॅफाइटमुळेच. फरक कुठे पडतो हे कळण्यासाठी आधी थोडं अणूंच्या पातळीवर उतरावं लागेल. तेवढं झालं की पुढची प्रत्येक कृती आपोआप पटते.

थर घसरतात ते कसे

ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक रचलेले थर. थरातल्या थरात अणू षटकोनी जाळीत घट्ट बांधलेले असतात, शेजारच्या दोन अणूंत अंतर फक्त ०.१४२ नॅनोमीटर. एका थरापासून दुसरा थर मात्र ०.३३५ नॅनोमीटरवर असतो आणि त्यांच्यातली ओढ फार कमकुवत असते. म्हणून थर एकमेकांवरून सरकतात. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं आणि तिथेच गैरसमज सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं जास्त उंचीवरून उडायला लागली, तेव्हा त्यांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज वाहून नेणारे ग्रॅफाइटचे तुकडे, काही तासांतच झिजून भुकटी व्हायला लागले. जमिनीवर तेच ब्रश उत्तम चालत होते. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये याचं कारण मांडलं: ग्रॅफाइट स्वतःच्या बळावर निसरडं नसतं, त्याला हवेतली वाफ लागते. थराच्या मध्यावरचे अणू शांत असतात, पण कडेच्या अणूंचे बंध मोकळे राहतात आणि समोर येईल त्याला धरतात. पाण्याचे रेणू त्या कडांवर बसले की ही पकड सुटते. कोरड्या हवेत किंवा निर्वातात कडा एकमेकींना चिकटतात, घर्षण कितीतरी पटींनी वाढतं आणि ग्रॅफाइटचं पीठ होतं.

यासाठी वाफ फार लागत नाही, काहीशे पास्कल दाबाची पुरते. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत तिचा दाब सुमारे ३,००० पास्कल असतो. म्हणजे वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत ग्रॅफाइटला वाफ कमी पडली असं कधी होणार नाही. या बाबतीत आपली हवा त्याच्या सोयीचीच आहे.

घर्षण अणूच्या पातळीवर पहिल्यांदा मोजलं गेलं ते १९८७ मध्ये, आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या अल्माडेन प्रयोगशाळेत. मेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टंगस्टनच्या तारेचं बारीक टोक ग्रॅफाइटवरून ओढलं. टोक अखंड सरकत नव्हतं. ते अडायचं, ताण साठायचा, मग टुणकन पुढच्या जागी उडी मारायचं. उड्यांमधलं अंतर ग्रॅफाइटच्या जाळीच्या पुनरावृत्तीशी, म्हणजे सुमारे ०.२५ नॅनोमीटरशी जुळत होतं. पुढे २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने टोकाला ग्रॅफाइटची कपची चिकटलेली असताना तिची दिशा फिरवत मोजमाप केलं. दर ६० अंशांनी घर्षण उसळायचं आणि मधल्या कोनांत जवळजवळ नाहीसं व्हायचं. छपराचे दोन पन्हळी पत्रे एकमेकांवर ठेवून पाहा. पन्हळीत पन्हळ बसली की वरचा पत्रा आडवा सरकत नाही. तोच थोडा तिरका फिरवला की नुसत्या उंचवट्यांवर टेकतो आणि सहज ढकलला जातो. अणूंच्या जाळीचंही तसंच आहे.

मग कुलपातलं घर्षण शून्य का होत नाही? कारण पावडरीच्या कपच्या लहान असतात, त्यांना कडा भरपूर असतात, शिवाय मध्ये धूळ आणि धातूचा कीस असतो. हाताने नीट लावलेल्या ग्रॅफाइटचा घर्षणांक, म्हणजे सरकवायला लागणारा जोर भागिले वजन, साधारण ०.१ ते ०.२ मिळतो आणि घरच्या कामाला तो पुष्कळ झाला. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: कपच्या आडव्या निजवणं, मधली घाण काढणं आणि जास्तीची पावडर झटकणं. पुढच्या सगळ्या कृतींत याच तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

थर अगदीच पातळही नको. २०१० मध्ये झालेल्या मोजमापांत अणूभर जाडीच्या एकाच थरावरचं घर्षण जाड ग्रॅफाइटपेक्षा जास्त भरलं, कारण सुटा थर टोकापुढे सुरकुततो. चार-पाच थर झाले की फरक मिटत जातो. चोळून बसवलेला थर एक मायक्रॉन जाडीचा धरला तरी त्यात सुमारे ३,००० पदर असतात. तेव्हा चोळताना भ्यायचं कारण नाही. फक्त खालचा धातू पुन्हा चकाकेपर्यंत पुसू नका.

पट्टीवर करून पाहा

ढीग आणि चोळलेला थर यांतला फरक हाताला कळावा म्हणून ही चाचणी एकदा करावीच. साधी लोखंडी पट्टी घ्या, ५० सेंटीमीटर लांब, चार बोटं रुंद. एक सपाट बुडाचं लोखंडी किंवा पितळी वजन, २०० ग्रॅमचं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, फूटपट्टी आणि ग्रॅफाइट पावडर.

पट्टी पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेत हलकेच घासा. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर ग्रॅफाइट धरत नाही, त्याला बारीक चरे लागतात. पट्टी आणि वजनाचं बूड अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. त्वचेचं तेल लागलं तर मापं भलतीच येतात. वजन पट्टीवर ठेवा, एक टोक सावकाश उचला, वजन सरकायला लागलं की थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले जमिनीवरचा पाया, हा घर्षणांक. उंची १० सेंटीमीटर असेल तर पाया ४९ भरतो, म्हणजे घर्षणांक ०.२. दर वेळी पाच मापं घ्या.

आता चिमूटभर पावडर नुसती भुरभुरा आणि पुन्हा मोजा. मापं वर-खाली होतील, कारण वजन कपच्यांच्या ढिगात कधी रुततं, कधी ढिगासकट घसरतं. मग तीच पावडर सुती फडक्याने एकाच दिशेत दोन-तीन मिनिटं जोर देऊन चोळा, सुटी पावडर झटका आणि मोजा. पट्टीला करडी चकाकी आली असेल, उंची कमी भरेल आणि पाचही मापं एकमेकांजवळ येतील. कपच्या आडव्या निजल्याची हीच खूण.

मापं तरीही विखुरली तर बहुधा पट्टी झटक्याने उचलली जाते आहे. टोकाखाली पुस्तकं सरकवत उचला. काम झाल्यावर पट्टी पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा. ग्रॅफाइट लावलेलं उघडं लोखंड किनाऱ्यावर तसंच पडून राहू देऊ नये. ते का, ते आता पाहू.

मीठ कुठवर पोचतं ते आधी ठरवा

ग्रॅफाइट वीज वाहून नेतं आणि समुद्राच्या पाण्यात धातूंची जी उतरंड लावतात तिच्यात ते सोनं-प्लॅटिनमच्या बाजूला बसतं. लोखंड, जस्त, अ‍ॅल्युमिनियम बरेच खाली. दोन टोकांचे पदार्थ एकमेकांना टेकले आणि दोघांवर मिळून खारं पाणी पसरलं की छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात झिजतो तो खालचा धातू. ग्रॅफाइटला काहीच होत नाही, त्यामुळे हे थांबतही नाही.

यावर लोक म्हणतात, आमच्या कुलपावर पाणी पडतच नाही, वर पत्रा आहे. पाणी पडायची गरजच नसते. शुद्ध मीठ हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता झाली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं आणि जून ते सप्टेंबर आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं. म्हणून वाऱ्याबरोबर आलेला मिठाचा थर जानेवारीच्या थंडीतही पुरता सुकत नाही. किनाऱ्यावर ग्रॅफाइट लावायचं की नाही हे पावसावर ठरत नाही, मिठावर ठरतं.

तपासणी सोपी आहे. ज्या जागी वंगण लावायचं तिथल्या जवळची काच आठवडाभर पुसू नका. काचेवर धुरकट, बोटाला चिकटणारा थर आला आणि तो तेलकट न वाटता साध्या पाण्याने लगेच धुऊन गेला, तर तिथे मीठ पोचतंय. पश्चिमेच्या पडवीत हे बहुधा दिसेल, मागच्या दारी कमी, आतल्या खोल्यांत क्वचित. जिथे काच चिकट होते तिथे धातूवर ग्रॅफाइट नाही. आतल्या, मीठ न पोचणाऱ्या जागी हवं तिथे लावा. लाकडावर कुठेही चालेल.

घरातलं कुलूप

कपाटाचं, तिजोरीचं, आतल्या दाराचं, पिनवालं कुलूप असेल तर ही कृती. बॅटरीवर चालणाऱ्या कुलपात ग्रॅफाइट कधीच घालायचं नाही, ते वीज वाहून आतलं सर्किट बिघडवेल.

सगळ्यात जास्त वेळ सफाईला द्या. वर्षानुवर्षं घातलेल्या खोबरेलाचं धूळ धरून आत चिकट कीट झालेलं असतं. त्यावर ग्रॅफाइट टाकलं की काळा चिखल होतो आणि पिना आणखी अडतात. ग्रॅफाइटने कुलूप बिघडलं अशी जी तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

कुलूप काढता येत असेल तर काढा. चावीचं तोंड खाली धरा. पाच मिलिलीटरच्या सिरिंजने रॉकेल आत सोडा, चावी पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा, गाळ खाली ठिबकू द्या. थेंब स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. रॉकेल मागे तेलकट पापुद्रा ठेवतं, म्हणून शेवटचे दोन हात अल्कोहोलने मारा. दोन्ही ज्वालाग्राही आहेत. चूल, गॅस, देवाचा दिवा यांच्यापासून लांब, दारं-खिडक्या उघडी ठेवून काम करा. मग सुकवणं. उन्हाळ्यात एक दुपार पुरते. पावसात कुलूप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवा. अर्धवट ओल्या कुलपात पावडर घातली तर तिचे गोळे होतात.

पावडर कुलपांसाठी मिळते ती बारीक, बारक्या नळीच्या बाटलीतली घ्या. एका कुलपाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरे, म्हणजे बाटली दोनदा हलकेच दाबायची. चावी दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, मग तितक्याच वेळा फिरवा. चावी पुसा, पुन्हा घाला. चावीवर येणारा काळा डाग फिका झाला की थांबा. पिना दबल्यावर वर येत नसतील, चावी अर्ध्यात अडत असेल, तर पावडर जास्त झाली आणि स्प्रिंगच्या खोबणीत ठासली गेली. सायकलच्या पंपाने हवा मारा. नाही निघालं तर पुन्हा अल्कोहोल.

पेन्सिलीने काम भागतं का? तात्पुरतं भागतं. ६बी किंवा ८बी घ्या, चावीच्या दोन्ही बाजूंना आणि दात्यांना घासा आणि वरच्याप्रमाणेच चालवा. एचबी किंवा त्याहून कडक पेन्सिल नको. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर भट्टीत सुमारे १,००० अंशांना भाजलेली माती असते. पेन्सिल जितकी कडक तितकी माती जास्त. ती पितळेच्या पिना घासत राहते.

समुद्राकडच्या फाटकाच्या कुलपाला यातलं काहीच लागू नाही. ते महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि टेफ्लॉनचा स्प्रे किंवा पातळ तेल मारा. तेल तिथे धूळ धरतं हे खरं, पण धूळ धुता येते. चावीच्या तोंडावर रबरी झाकण असलेलं कुलूप मिळालं तर उत्तम. फाटकाच्या बिजागरीला जाड मरीन ग्रीस लावा, ग्रॅफाइट ग्रीस नाही.

लाकडाचे खण आणि सरकत्या खिडक्या

लाकडाला गंज नाही, त्यामुळे किनाऱ्यावर ग्रॅफाइटची सगळ्यात निर्धास्त जागा हीच. खण बाहेर काढा, पट्ट्यांवरचा जुना मेणाचा किंवा तेलाचा थर खरवडा, ६बी पेन्सिल रेषांच्या दिशेत घासा, फडक्याने चोळा. पांढऱ्या कपड्यांच्या कपाटात मेणबत्ती किंवा शंखजिऱ्याची पूड वापरा. शंखजिरंही थरांचंच खनिज आहे आणि डाग पाडत नाही.

पण लाकूड फुगून फटच मिटली असेल तर कुठलंही वंगण उपयोगाचं नाही. अडलेल्या जागी खूण करून ठेवा आणि दिवाळीनंतर रंधा मारा. जुलैत रंधलेला खण मे महिन्यात खुळखुळतो.

कॅरमची पावडर

थरांच्या पदार्थांमध्ये ही आपल्या घरी सगळ्यात आधी आलेली. चांगल्या कॅरम पावडरीत बहुधा बोरिक अ‍ॅसिड असतं. त्याचेही रेणू पातळ थरांत रचलेले असतात, थरांत अंतर सुमारे ०.३२ नॅनोमीटर, आणि दमट हवेत ते चांगलं घसरतं. मग पावसाळ्यात सोंगट्या का अडतात? दोष बोरिक अ‍ॅसिडचा नसतो. फळा ओल धरतो, पावडरीच्या गुठळ्या होतात आणि आपण त्यावर आणखी पावडर ओततो.

फळा आधी कोरड्या सुती कापडाने पुसा, जुनी पावडर पूर्ण काढा. गुठळ्या मलमलीतून चाळा. मग दोन पदरी मलमलीची पुरचुंडी करून तीत चमचाभर पावडर बांधा आणि फळ्यावर हलकेच आपटत फिरवा. सबंध फळ्याला दोन चिमटी पुरतात. त्यानंतर तळहाताने गोल फिरवत चोळा. इथेही ढीग नको, थर हवा. डबा सिलिका जेलसह घट्ट बंद ठेवा.

ओलसर पावडर तव्यावर भाजू नका. बोरिक अ‍ॅसिड शंभर अंशांच्या पुढे तापलं की स्वतःच्या रेणूतलं पाणी सोडायला लागतं आणि त्याची थरांची रचना बदलते. भाजलेली पावडर खरखरते ती त्यामुळे. आणि ती पोटात जाऊ देऊ नये. लहान मुलांच्या हाताला लागली तर जेवणाआधी हात धुतलेच पाहिजेत.

ही पावडर पाण्यात विरघळते, १०० मिलिलीटरमध्ये साधारण पाच ग्रॅम. त्यामुळे उघड्यावरच्या कुठल्याही भागाला ती निरुपयोगी.

मॉली: ग्रॅफाइटच्या उलट स्वभाव

मोलिब्डेनम डायसल्फाइड, गॅरेजात ज्याला मॉली म्हणतात, दिसायला ग्रॅफाइटसारखंच काळं-करडं. थर इथेही आहेत: मध्ये मोलिब्डेनम, दोन्ही बाजूंना गंधक. पण वाफेशी याचं नातं उलटं. निर्वातात किंवा कोरड्या नायट्रोजनमध्ये त्याचा घर्षणांक ०.०५ च्याही खाली जातो, म्हणूनच अंतराळयानांत ते वापरतात. दमट हवेत तो ०.१५ ते ०.२ पर्यंत चढतो आणि झीज वाढते, कारण ओलाव्याने थरांच्या कडा ऑक्सिडाइज होतात आणि ऑक्साइड तितकं निसरडं नसतं.

म्हणून मॉलीची कोरडी पावडर किंवा कोरडा स्प्रे आपल्याकडे उघड्या भागांना वापरू नका. मॉली ग्रीस मात्र कामाचं आहे. त्यात साधारण तीन टक्के मॉली असतं आणि भोवतीचं ग्रीस ओल बाहेर ठेवतं. जिथे भार जास्त आणि वेग कमी तिथे ते लावा: टेम्पोच्या पाट्यांच्या पिना, ट्रॅक्टरचे सांधे, जॅकचा स्क्रू. भाराखाली ग्रीस पिळून निघालं तरी मॉलीचे थर धातूवर चिकटून राहतात. पंख्याच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या बॉल बेअरिंगला हे नको, तिथे साधं लिथियम ग्रीसच बरं. डबा उघडा ठेवू नका आणि ओल्या बोटाने ग्रीस काढू नका.

होडीवर

इथे नियम कडक आहे: खाऱ्या पाण्यात भिजणाऱ्या धातूला ग्रॅफाइट लावायचं नाही. दोन जागी चूक होते.

पहिली, पंख्याच्या शाफ्टची ग्लँड, म्हणजे शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे दोरी ठासून पाणी अडवणारी जागा. बाजारात ग्रॅफाइट लावलेली काळी पॅकिंग दोरी मिळते. पंपांना ती उत्तम, पण समुद्रात स्टीलच्या शाफ्टला तिच्याखाली खड्डे पडतात. टेफ्लॉनची किंवा चरबी मुरवलेली तागासारखी दोरी घ्या. जुनी दोरी आकड्याने पूर्ण उपसा, तळाशी एक वेढा राहिला तरी नवी नीट बसत नाही. नवी दोरी शाफ्टवर गुंडाळून तिरकी कापा आणि प्रत्येक वेढा वेगळा ठेवा. सलग पिळासारखी भरलीत तर पाणी त्याच वाटेने आत येतं. वेढ्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, प्रत्येक वेळी पाव ते तिसरा हिस्सा वर्तुळ फिरवा. नट हातानेच आवळा. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब ठिबकले पाहिजेत, ते पाणीच तिथलं वंगण आहे. ठिपका पूर्ण बंद केलात तर दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतो. अर्धा तास चालवून ग्लँडला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर नट सैल करा.

दुसरी, आउटबोर्ड इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये बसणारे स्टीलचे बोल्ट. ते जाम होऊ नयेत म्हणून ग्रॅफाइटची किंवा तांब्याची पेस्ट लावतात, आणि अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन आटे जातात. तिथे लॅनोलिन किंवा जस्ताची पेस्ट लावा.

मिक्सरचे कार्बन

विमानांच्या ब्रशची घरगुती भावंडं. मिक्सर, ड्रिल, जुनं शिलाई मशीन, सगळ्यांत ग्रॅफाइटचे दोन तुकडे तांब्याच्या कम्युटेटरवर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कप्प्यांच्या कड्यावर, घासत असतात. आपल्या हवेतली वाफ त्यांना हवीच असते. तिच्यामुळे तांब्यावर ग्रॅफाइट आणि ऑक्साइडचा एक तपकिरी पापुद्रा धरतो आणि ब्रश तांब्यावर न घासता त्या पापुद्र्यावर घसरतो.

म्हणून कार्बन बदलताना कम्युटेटर एकसारखा चॉकलेटी दिसत असेल तर त्याला लखलखीत करू नका. कितीही घाण वाटला तरी तो पापुद्राच वंगण आहे. काळे जळके ठिपके असतील तेवढेच बारीक काचपेपरने घासा. एमरी पेपर नको, त्याचे कठीण कण तांब्यात रुतून नवा कार्बन खातात. कप्प्यांमधल्या चिरांत अडकलेली भुकटी टूथपिकने काढा आणि अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने मीठ-मळ पुसा.

काम करण्याआधी प्लग काढलेला असावा, बटण बंद असून भागत नाही. दोन्ही कार्बन एकदम बदला, मापाने जुन्यासारखेच घ्या. नवा कार्बन आपल्या खाचेत स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडत असेल तर त्याच्या बाजू काचपेपरवर किंचित घासा. भांडं न लावता कमी वेगावर अर्धं मिनिट चालवा, थांबवा, पुन्हा चालवा, असं आठ-दहा वेळा. सुरुवातीला ठिणग्या दिसतील, कारण सपाट टोक गोल कम्युटेटरला अजून पुरतं टेकलेलं नसतं. टोक घासून गोलाईत बसलं की त्या कमी होतात. तेल किंवा ग्रॅफाइट पावडर इथे अजिबात घालायची नाही. तेलात कार्बनची भुकटी कालवली जाऊन चिरा बुजतात, पावडरीने शेजारचे कप्पे जोडले जातात, आणि दोन्ही प्रकारांत मोटार जळते.

महिन्याभराने एकदा उघडून दोन्ही कार्बनची लांबी मोजा. झीज सारखी असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाहायला नको. एकच बाजू जास्त झिजली असेल तर त्या बाजूच्या स्प्रिंगचा दाब जास्त आहे किंवा दुसऱ्या बाजूची स्प्रिंग खाऱ्या हवेने गंजून ढिली पडली आहे. आधी गंजलेली बदला, कार्बन नंतर.